रात्रीचं व्हीएफआर उड्डाण: दिव्यांवरून वाट काढण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी आलेली मराठी मुलं-मुली आणि शनिवार-रविवारी भाड्याच्या सेसनातून घरच्यांना फिरवून आणणारी इथली मराठी मंडळी, दोघांकडूनही रात्रीच्या व्हीएफआर उड्डाणाबद्दल, म्हणजे बाहेर नजर ठेवून केलेल्या उड्डाणाबद्दल, बहुतेक तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. नियम एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे आहेत. उदाहरणं कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतली, त्यातही बेकर्सफील्ड ते फ्रेझ्नो या पट्ट्यातली आहेत. एका बाजूला उजळलेला हायवे, दुसऱ्या बाजूला सिएरा नेवाडाचा काळोख आणि हिवाळ्यात जमिनीवर पसरणारं धुकं, असं सगळं या एका मार्गावर शिकायला मिळतं.

रात्र नेमकी कधी सुरू होते?

नियमात तीन वेगळ्या वेळा आहेत आणि चेकराइडला, म्हणजे लायसन्सच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, हा प्रश्न हमखास येतो. विमानाच्या पंखांवरचे आणि शेपटीवरचे पोझिशन लाइट्स सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालू हवेत. लॉगबुकात रात्र म्हणून लिहायचा वेळ संध्याकाळचा सिव्हिल ट्वायलाइट (संधिप्रकाश) संपल्यापासून पहाटेचा सुरू होईपर्यंतचा. प्रवासी न्यायचे असतील तर सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयाआधी एक तासापर्यंतचा काळ धरतात. त्या काळात, आधीच्या ९० दिवसांत, ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग तुमच्या नावावर हवीत, आणि प्रत्येक लँडिंगला विमान पूर्ण थांबलेलं हवं. टच-अँड-गो, म्हणजे टेकून लगेच पुन्हा उडणं, मोजत नाहीत.

इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसताना रात्री जाता येतं का?

अमेरिकेत येतं. (इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी.) ब्रिटन किंवा कॅनडात रात्रीसाठी वेगळं रेटिंग घ्यावं लागतं. इथे प्रायव्हेट लायसन्सच्या प्रशिक्षणातच रात्रीचे ३ तास असतात: एकूण १०० सागरी मैलांपेक्षा लांबचं एक क्रॉस-कंट्री (दुसऱ्या विमानतळापर्यंतचं उड्डाण) आणि पूर्ण थांबून केलेली १० लँडिंग. ठरल्या ठिकाणी पोहोचल्यावर आणखी ४५ मिनिटं पुरेल एवढं जादा इंधन विमानात लागतं, दिवसा ३० मिनिटांचं चालतं. स्पेशल व्हीएफआर, म्हणजे हवामान व्हीएफआरच्या मर्यादेखाली असताना एटीसीकडून (हवाई वाहतूक नियंत्रणाकडून) मिळणारी खास परवानगी, मात्र रात्री इन्स्ट्रुमेंट रेटिंगशिवाय मिळत नाही.

कायद्याने परवानगी आहे म्हणून तीन तासांचा अनुभव पुरेसा आहे असं मी मानत नाही. बिनचंद्राच्या रात्री निर्जन भागावरून जाताना खिडकीबाहेर क्षितिज नावाची गोष्टच नसते, आणि तेव्हा तुम्ही नावापुरतेच व्हीएफआर असता. रेटिंग नसलं तरी दर काही महिन्यांनी इन्स्ट्रक्टर घेऊन फक्त उपकरणांवर सरळ-समतल उडणं, वळणं आणि १८० अंशांत मागे फिरणं यांचा सराव ठेवा. नव्या मार्गाची पहिली रात्रही शक्यतो इन्स्ट्रक्टरसोबतच करा.

डोळे अंधाराला सरावायला किती वेळ लागतो?

साधारण ३० मिनिटं. अंधारात काम करणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसतात, कडेला असतात. त्यामुळे मंद दिव्याकडे थेट रोखून पाहिलं की तो नाहीसा होतो, आणि ५ ते १० अंश बाजूला पाहिलं की पुन्हा दिसतो. एखादं मंद बीकन (विमानतळाचा फिरता दिवा) शोधताना नजर अशी थोडी बाजूला ठेवून सावकाश फिरवायची सवय लावून घ्या.

रॅम्पवरच्या (विमानं उभी करण्याच्या जागेवरच्या) हॅलोजनखाली उभं राहून प्रीफ्लाइट, म्हणजे उड्डाणाआधीची तपासणी, केलीत तर ती अर्ध्या तासाची कमाई एका क्षणात जाते. फोनचा पडदा, आयपॅड, पॅनेलवरचे डिस्प्ले आधीच मंद करून ठेवा. लाल टॉर्चचा एक तोटा लक्षात असू द्या: सेक्शनल चार्टवरच्या (व्हीएफआरच्या हवाई नकाशावरच्या) लाल आणि मॅजेंटा रेषा लाल उजेडात दिसेनाशा होतात, आणि बरीचशी हवाई हद्द तर मॅजेंटातच काढलेली असते. चार्ट वाचायला मंद पांढरा उजेड बरा. रात्रीची नजर प्राणवायू थोडासा कमी झाला तरी मंदावते, म्हणून एफएए रात्री ५,००० फुटांपासूनच ऑक्सिजन वापरायचा सल्ला देते. धूम्रपान करणाऱ्यांना हा फटका जमिनीवरच बसलेला असतो.

दिवसाचे चेकपॉइंट रात्री चालतात का?

बहुतेक नाहीत. वाटेत आपली जागा पडताळायची खूण म्हणून दिवसा तुम्ही टेकडी, तळं, रेल्वेमार्ग, कालवा असं काहीही निवडता. रात्री यातलं जवळजवळ सगळं पुसलं जातं. उरतं ते पेटलेलं आणि हलणारं.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे विमानतळाचं बीकन, कारण ते चार्टवर नोंदलेलं असतं: विमानतळाच्या चिन्हाच्या डोक्यावर छोटा तारा असेल तर तिथे बीकन आहे. त्यानंतर मोठे हायवे. हायवे म्हणजे नुसती दिव्यांची रांग नव्हे. एका बाजूने पांढरे हेडलाइट येतात आणि दुसऱ्या बाजूने लाल टेललाइट जातात, त्यामुळे रस्ता आणि त्याची दिशा दोन्ही कळतात. मध्यरात्रीनंतर लहान रस्ते मात्र गायब होतात, म्हणून परतीच्या वेळेचा विचार करून रस्ता निवडा.

मग गावं. सेक्शनलवर गावांचा जो पिवळा आकार असतो तो त्या गावाच्या रात्रीच्या उजेडाशी बराच जुळतो. गाव ओळखायचं ते त्याच्या आकारावरून आणि त्यातून किती रस्ते कोणत्या दिशांना बाहेर पडतात त्यावरून. एकाच रस्त्यावर एकापुढे एक वसलेली सारख्याच आकाराची गावं फार फसवतात.

रात्रभर जळणाऱ्या जागांचीही यादी ठेवा: तुरुंग, रिफायनरी, वीज केंद्र, मोठी गोदामं. फुटबॉलचं स्टेडियम शुक्रवारी रात्री डोळे दिपवतं, पण शनिवारी तिथे काळोख असतो. त्यावर चेकपॉइंट बांधू नका.

पाणी ही दुधारी गोष्ट आहे. चंद्र असेल तर नदी-तळं चकाकतात. नसेल तर दिव्यांच्या मधोमध मोठा काळा डाग एवढंच दिसतं. मात्र त्या काळ्या डागाची कड चार्टवरच्या किनाऱ्याशी जुळत असेल तर तोसुद्धा उत्तम चेकपॉइंट आहे. काळोख ही माहिती आहे, फक्त ती वाचता आली पाहिजे.

एखादा प्रत्यक्ष मार्ग आखून दाखवा.

बेकर्सफील्डच्या मेडोज फील्डवरून निघून फ्रेझ्नोला जायचं आहे असं धरू. अंतर सुमारे ८८ सागरी मैल, मॅग्नेटिक कोर्स ३२५ अंशांच्या आसपास. कोर्स पश्चिमेकडचा, म्हणून सम हजार अधिक ५०० फूट: ४,५०० किंवा ६,५००. मी ६,५०० घेईन, त्याचं कारण पुढे येईल. ग्राउंडस्पीड (जमिनीच्या सापेक्ष वेग) १०५ नॉट धरू, म्हणजे पाऊण तासाहून थोडं अधिक.

हा मार्ग हायवे ९९ ला जवळजवळ चिकटून जातो. पहिला चेकपॉइंट डेलानो, सुमारे २२ मैलांवर, म्हणजे साडेबारा मिनिटं. डेलानो घेण्याचं कारण गाव नव्हे. गावाच्या पश्चिमेला दोन राज्य तुरुंग आहेत, नॉर्थ कर्न आणि कर्न व्हॅली. शेतांच्या काळोखात लग्नाच्या मांडवासारखे ते दोन उजळलेले चौकोन लांबूनच दिसतात, आणि त्यांच्याशी गल्लत व्हावी असं आसपास दुसरं काही नाही. हायवे आणि त्याला लागून गाव उजवीकडे, तुरुंग डावीकडे: अशी मांडणी असेल तर ते डेलानोच. त्याआधी मॅकफार्लंड लागतं, तेही ९९ वरच. घाईत त्यालाच डेलानो समजायचा मोह होतो, पण मॅकफार्लंडला असे तुरुंग डावीकडे नाहीत आणि घड्याळही तेवढं पुढे गेलेलं नसतं.

दुसरा चेकपॉइंट व्हिसेलिया, आणखी ३५ मैल, २० मिनिटं. इथे हायवे १९८ आडवा येतो. दोन उजळलेल्या रस्त्यांची फुली आणि तिला लागूनच व्हिसेलिया विमानतळाचं हिरवं-पांढरं बीकन, यापेक्षा पक्की खूण रात्री मिळत नाही. फुलीवरून पश्चिमेला नजर टाकली की १९८ हॅनफर्डकडे आणि पुढे लमूरच्या नौदल विमानतळाकडे जाताना दिसतो. हवा स्वच्छ असेल तर लमूरचं बीकन दिसतं: दोन पांढरे झटके आणि मग हिरवा. ते डाव्या हाताला असेल तर तुम्ही जिथे असायला हवं तिथे आहात.

शेवटचे ३२ मैल, १८ मिनिटं, फ्रेझ्नोच्या मोठ्या उजेडाकडे. फ्रेझ्नो तर तुम्हाला व्हिसेलियाच्या आधीपासूनच दिसत असेल, आणि नेमकी तिथेच गंमत संपते: शहर दिसलं म्हणून सगळे नेव्हिगेशन सोडून देतात. विमानतळ शहराच्या ईशान्य अंगाला आहे आणि त्यापलीकडे लगेच डोंगराची चढण सुरू होते. व्हिसेलियानंतरही हेडिंग आणि वेळ लिहीत राहा.

सरळ रेषेपेक्षा दोन-चार मिनिटं जास्त लागली तरी हरकत नाही. रात्रीचा चांगला मार्ग विमानतळांच्या आणि रस्त्यांच्या साखळीवरून जातो.

एखादा दिवा ओळखला असं कधी म्हणायचं?

माझ्या मते सगळं रात्रीचं नेव्हिगेशन या एका प्रश्नात आहे. दिसलेल्या दिव्याला चार्टवर जागा शोधायची नाही. आधी चार्ट आणि घड्याळ पाहून, आता काय दिसायला हवं ते मनाशी म्हणायचं, आणि मग बाहेर पाहायचं. "दहा पस्तीसला डाव्या पंखाखाली तुरुंग, उजवीकडे हायवे." दहा पस्तीसला ते दिसलं, तर ओळख पटली.

उलट क्रमाने गेलात तर मेंदू कुठलाही दिवा कुठल्याही गावाशी जुळवून देतो. म्हणून वेळ, हेडिंग आणि किमान दोन वेगळ्या खुणा जुळल्याशिवाय चेकपॉइंटवर टिचकी मारू नका. एक खूण चुकली तर "असेल काहीतरी" म्हणून पुढे जाऊ नका. तोच क्षण तपासण्याचा असतो.

अंतराचा अंदाज हा आणखी एक सापळा. रात्री तेजस्वी दिवा जवळ वाटतो आणि मंद दिवा लांब, प्रत्यक्षात उलटंही असू शकतं. यावर एक सोपा उपाय आहे. एक सागरी मैल म्हणजे ६,०७६ फूट. ६,५०० वरून जाताना व्हॅलीची जमीन साधारण ६,००० फूट खाली असते, त्यामुळे ४५ अंश खाली दिसणारा दिवा तुमच्यापासून आडवा एक मैल दूर आहे. त्याहून वर, क्षितिजाकडे २७ अंशांवर दिसला तर दोन मैल. समजा डेलानोचं गाव ठरल्यापेक्षा दोन मैल डावीकडे निघालं. साठ मैलांत एक मैल सरकणं म्हणजे साधारण एक अंश. २२ मैलांत २ मैल, म्हणजे साठ मैलांत सुमारे साडेपाच, म्हणजेच साडेपाच अंशांचा ड्रिफ्ट उजवीकडे, डोंगराच्या दिशेने. तेवढंच डावीकडे वळलात तर नुसते समांतर जाल. मूळ रेषेवर परत यायला त्याहून जास्त वळावं लागेल.

कोणतं बीकन कोणाचं?

नागरी विमानतळाचं हिरवं आणि पांढरं आळीपाळीने. लष्करी विमानतळाचं दोनदा पांढरं, एकदा हिरवं. हेलिपोर्टचं हिरवं, पिवळं, पांढरं. समुद्री विमानांच्या तळाचं पांढरं आणि पिवळं. पांढरा झोत लांबून आधी दिसतो, हिरवा जवळ गेल्यावर. म्हणून नुसतं पांढरं लुकलुकताना पाहून घाईने निष्कर्ष काढू नका, तो टॉवरवरचा अडथळ्याचा दिवाही असू शकतो.

उंची किती ठेवावी?

जेवढी हवाई हद्द, ढग आणि ऑक्सिजन परवडू देतील तेवढी. सेक्शनलच्या प्रत्येक चौकोनात एक ठळक आकडा असतो, त्या चौकोनातल्या सर्वात उंच जमिनीचा किंवा अडथळ्याचा, थोडी वाढ धरून वर पूर्णांकित केलेला. तो आकडा म्हणजे सुरक्षित उंची नव्हे. सपाटीवर त्यात किमान १,००० फूट आणि डोंगराळ भागात २,००० फूट मिळवून मग उंची ठरवा.

६,५०० निवडण्याचं कारण असं: सेसना १७२ दर १,००० फुटांमागे साधारण दीड मैल तरंगते. व्हॅलीवर ६,००० फूट हाताशी असतील तर नऊ मैलांच्या घेऱ्यात उतरण्याची जागा शोधता येते, आणि ९९ च्या काठावर एवढ्या घेऱ्यात बहुधा एखादा विमानतळ असतो. शिवाय उंचावरून रेडिओ नीट पोहोचतो आणि गावांचे पूर्ण आकार दिसतात.

उंच टॉवरच्या जवळून जाऊच नका. दिवा टॉवरच्या टोकावर असतो, पण त्याला ताणून धरणाऱ्या तारा बाजूला १,५०० फुटांपर्यंत पसरलेल्या असू शकतात आणि त्यांवर दिवे नसतात. आडवं अंतर किमान २,००० फूट ठेवा.

समोरचे दिवे एकेक करून विझू लागले तर?

तर ते विझत नाहीत. तुमच्या आणि त्यांच्या मध्ये काहीतरी येतंय: ढग किंवा डोंगर.

खालच्या बाजूने, एका वेड्यावाकड्या कडेने दिवे झाकले जात असतील तर बहुधा डोंगराची धार आहे आणि तुम्ही तिच्यापेक्षा खाली आहात किंवा खाली जात आहात. लगेच चढा आणि जिथे दिवे दिसत होते तिकडे वळा. दिव्यांभोवती वलय दिसू लागलं, सगळा उजेड पुसट झाला, किंवा तुमच्याच पोझिशन लाइटची लाल-हिरवी छटा पंखाजवळ पसरलेली दिसली, तर तुम्ही ढगात शिरत आहात. उपकरणांवर नजर ठेवून, मंद वळणाने, १८० अंश फिरा. पुढे जरा पाहू, हा विचारही नको.

चांगली गोष्ट ही की हीच खूण उलटीही वाचता येते. डोंगरापलीकडच्या गावाचे दिवे कड ओलांडताना पूर्ण दिसत राहिले आणि मधली काळी पट्टी वाढण्याऐवजी कमी होत गेली, तर तुमची उंची पुरेशी आहे.

टुली फॉगमध्ये वरून दिवे दिसतात, मग उतरायला काय हरकत?

हिवाळ्यात, पावसानंतरच्या शांत, निरभ्र रात्री सेंट्रल व्हॅलीत जमिनीलगत हे धुकं धरतं. थर पातळ असला की डोक्यावरून जाताना धावपट्टीचे दिवे स्पष्ट दिसतात, कारण तुम्ही धुक्याच्या पन्नास-शंभर फुटांतून सरळ खाली पाहत असता. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यावर, मात्र त्याच थरातून तिरपं पाहावं लागतं, आणि तिरपं पाहिलं की तोच थर कित्येक पट जाड होतो. धावपट्टी होती तिथे पांढरा कापूस उरतो. वरून दिसलेल्या दिव्यांवर भरवसा ठेवून खाली उतरू नका.

संध्याकाळी निघतानाच तापमान आणि दवबिंदू यांतला फरक पाहा. तो दोन-तीन अंशांवर आला असेल आणि वारा पडला असेल तर पर्यायी विमानतळ व्हॅलीबाहेरचा ठरवा. व्हॅलीतले सगळे विमानतळ एकाच वेळी बंद होऊ शकतात.

चंद्र खरंच इतका महत्त्वाचा आहे का?

हो. पौर्णिमेच्या आसपास, चंद्र वर आलेला असताना, डोंगर, नद्या, ढगांच्या कडा सगळं दिसतं. अमावास्येला तोच मार्ग पूर्ण वेगळा असतो. हवामानाबरोबर चंद्रोदयाची वेळ आणि कला पाहणं हा माझ्या तयारीचा भाग आहे, आणि पहिली रात्रीची क्रॉस-कंट्री शुक्ल पक्षाच्या उत्तरार्धात ठेवावी असंच मी सगळ्यांना सांगतो.

जीपीएस आणि टॅबलेट असताना ही सगळी खटपट कशासाठी?

जीपीएस वापराच, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. रात्री तर जमिनीची उंची रंगांत दाखवणारं पान उघडं ठेवणं शहाणपणाचं. पण जीपीएस तुम्हाला थेट मॅजेंटा रेषा देतो, आणि थेट रेषा अनेकदा काळोखातून, डोंगरावरून जाते. मार्ग तुम्ही निवडा, मग तो जीपीएसमध्ये भरा.

दुसरं म्हणजे अल्टरनेटर, इंजिनावर चालणारं वीज देणारं यंत्र. रात्री तो बंद पडला की पॅनेल, रेडिओ, लँडिंग लाइट सगळंच बॅटरीच्या आयुष्यावर येतं. तेव्हा गुडघ्यावरच्या कागदावर हेडिंग आणि पुढच्या चेकपॉइंटची वेळ लिहिलेली असेल, तर तुम्ही हरवलेले नसता. दोन टॉर्च ठेवा, एक गळ्यात. जादा सेल आणि फ्यूज हाताला लागतील तिथे.

रात्री होणारे भास कोणते, आणि नेव्हिगेशनशी त्यांचा काय संबंध?

काळोखात एकाच स्थिर दिव्याकडे काही सेकंद रोखून पाहिलं की तो हलताना दिसतो. दुसरं विमान समजून त्याला टाळायला वळणारे पायलट झाले आहेत. नजर फिरती ठेवली की हा भास होत नाही. तिरक्या हायवेची दिव्यांची रेषा किंवा उतरता ढग क्षितिज वाटू लागतो आणि हात नकळत त्याच्याशी पंख जुळवतो. विरळ वस्तीचे दिवे आणि तारे एकमेकांत मिसळले की वर-खाली कळेनासं होतं.

यातलं सर्वाधिक माहीत असलेलं उदाहरण म्हणजे १६ जुलै १९९९ चं. जॉन एफ. केनेडी ज्युनियर न्यू जर्सीच्या एसेक्स काउंटी विमानतळावरून पायपर साराटोगाने मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं. कनेक्टिकट आणि र्‍होड आयलंडच्या किनाऱ्याचे दिवे सोबत होते तोवर सगळं ठीक होतं. किनारा सोडून पाण्यावर गेल्यावर धूसर हवा आणि काळोख एक झाले. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने कारण दिलं ते दिशाभ्रमामुळे विमानावरचा ताबा सुटल्याचं, आणि त्याला धुरकट हवेचा आणि काळोख्या रात्रीचा हातभार. विमानातले तिघेही गेले. या घटनेबद्दल विद्यार्थ्यांशी बोलताना मी नेहमी नकाशाकडे बोट दाखवतो. किनाऱ्याच्या दिव्यांना धरून थोडा वळसा घेता येतो, आणि पाण्यावरचा टप्पा उंच, लहान आणि उपकरणांवर नजर ठेवून पार करायचा असतो. दिवे जिथे संपतात ती जागा चार्टवर निघण्याआधीच आखून ठेवा.

शहराच्या उजेडात विमानतळ सापडतच नाही.

हे सगळ्यांचं होतं. शहरातल्या लाखभर दिव्यांत धावपट्टी हा बहुधा सगळ्यात काळा भाग असतो. आधी बीकन शोधा. ते जमिनीवरच्या उजेडात हरवलं असेल तर शहरात एक मोठा काळा आयत शोधा. टॅक्सीवेचे निळे दिवे जवळ आल्यावरच दिसतात. धावपट्टीच्या कडेचे पांढरे दिवे तिच्या दिशेनेच जास्त उठून दिसतात, म्हणून विस्तारित मध्यरेषेवर आलात की धावपट्टी अचानक उलगडते.

टॉवर नसलेल्या ठिकाणी दिवे बहुधा तुम्हालाच लावायचे असतात: त्या विमानतळाच्या फ्रीक्वेन्सीवर माइक पाच सेकंदांत ७ वेळा दाबला तर पूर्ण तेज, ५ वेळा मध्यम, ३ वेळा मंद. दिवे १५ मिनिटं राहतात. फायनलला वळण्याआधी पुन्हा दाबून घड्याळ नव्याने सुरू करा. आणि निघण्याआधी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या चालू सूचना) वाचा, धावपट्टीचे दिवे नादुरुस्त असल्याची सूचना तिथेच असते.

"ब्लॅक होल अप्रोच" म्हणजे काय?

धावपट्टी उजळलेली, आणि तिच्या अलीकडे काहीच दिवे नाहीत: पाणी, वाळवंट, शेत. मेंदूला उंची मोजायला मधली जमीन लागते. ती नसली की आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं, आणि पायलट हळूहळू खाली, आणखी खाली येतो. धावपट्टीपलीकडे चढावर वसलेलं शहर असेल तर भास अधिकच पक्का होतो. १९६० च्या दशकात बोईंगमध्ये कॉनराड क्राफ्ट यांनी सिम्युलेटरवर हे दाखवून दिलं. अनुभवी वैमानिकही नुसत्या डोळ्यांवर विसंबून जमिनीच्या फार जवळ आले.

उपाय नजरेत नाही, आकड्यांत आहे. पॅपीचे, म्हणजे उतरण्याचा कोन दाखवणारे धावपट्टीशेजारचे, चार दिवे असतील तर दोन पांढरे, दोन लाल धरून या. लाल वाढू लागले तर उतरणं तिथेच थांबवा. पॅपी अडथळ्यांपासून वाचवतं ते मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १० अंश आणि सुमारे साडेतीन मैलांपर्यंतच, त्यामुळे लांबून, तिरपं येताना ते दिसलं म्हणून उतरायला सुरुवात करू नका. पॅपी नसेल तर तीन अंशांचा हिशेब पाठ ठेवा: दर मैलामागे ३०० फूट. तीन मैलांवर ९००, दोनवर ६००, एकवर ३००, धावपट्टीच्या उंचीच्या वर. अनोळखी ठिकाणी लांबचा सरळ फायनल न घेता विमानतळावरून एक फेरी मारून नेहमीचं पॅटर्न (धावपट्टीभोवतीची आयताकृती वाट) उडा.

वाट चुकल्यासारखं वाटलं तर?

चढा आणि बोला. फ्लाइट फॉलोइंग (कंट्रोलरने रडारवरून ठेवलेलं लक्ष) रात्री सुरुवातीपासूनच घ्यावं. या मार्गावर बेकर्सफील्ड आणि फ्रेझ्नो अप्रोचचे कंट्रोलर हेडिंग द्यायला तयार असतात, आणि विचारण्यात कमीपणा काही नाही. कोणाशीच संपर्क नसेल तर १२१.५ ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी आणि ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड. दरम्यान खाली येऊन गावाचा पाण्याचा टँक वाचायचा दिवसाचा जुना उपाय रात्री जिवावर बेतू शकतो.

रात्री इंजिन बंद पडलं तर उजेडाकडे जावं की काळोखाकडे?

याचं ठाम उत्तर कोणीच देऊ शकत नाही. उजेडात माणसं, तारा आणि इमारती असतात, काळोखात काय आहे ते दिसत नाही. पण काळोख म्हणजे काय हे तुम्हाला आधीच माहीत असू शकतं: ९९ च्या पश्चिमेचा काळोख बराचसा सपाट शेतीचा आहे, पूर्वेचा काळोख डोंगर आहे. हाच मार्ग आधी दिवसा एकदा उडून पाहा आणि खालचं काय आहे ते चार्टवर लिहून ठेवा.

पूर्वी उपकरणं नव्हती तेव्हा रात्री कसे उडत?

अक्षरशः शेकोट्या पेटवून. २२ फेब्रुवारी १९२१ च्या रात्री अमेरिकेच्या टपाल खात्याचा वैमानिक जॅक नाइट नॉर्थ प्लॅटहून ओमाहाला आला. पुढचा वैमानिक नसल्याने ओमाहा ते शिकागो हा कधीही न उडलेला टप्पाही त्याने टपाल घेऊन पार केला. गावोगावच्या लोकांनी वाटेत जाळ केले होते. त्यानंतर शिकागो ते शायेन मार्गावर फिरते दिवे उभे राहिले आणि १९२४ मध्ये रात्रीची नियमित टपाल विमानसेवा सुरू झाली. पुढे हे बीकन सुमारे दहा-दहा मैलांवर देशभर पसरले, पायथ्याशी काँक्रीटचे बाण. मोंटाना राज्याने डोंगरातले असे काही दिवे एकविसाव्या शतकातही चालू ठेवले होते. एका दिव्यावरून पुढचा दिसला पाहिजे, हे त्यामागचं गणित, आणि तुमच्या चेकपॉइंटमधलं अंतर ठरवायला ते आजही चालतं.

हे लायसन्स घेऊन भारतात रात्री असं फिरता येईल का?

नाही. भारतात सूर्यास्त ते सूर्योदय व्हीएफआर उड्डाणाला सरसकट परवानगी नाही. एटीसीने सूट दिली तर स्थानिक उड्डाणं आणि फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण उड्डाणं तेवढी होतात. त्यामुळे गोंदिया, धुळे किंवा बारामतीला शिकणाऱ्यांचं रात्रीचं उड्डाण बरंचसं विमानतळाच्या आसपासच होतं, आणि गावागावांवरून दिवे ओळखत जाण्याची संधी अमेरिकेत आलेल्यांनाच अधिक मिळते. कमर्शियल लायसन्ससाठी भारतात परतणार असाल तर रात्रीचे किमान ५ तास, १० टेकऑफ आणि १० लँडिंग पायलट-इन-कमांड म्हणून लागतात. इथून निघण्याआधी ते लॉगबुकात स्वतंत्र रकान्यात, इन्स्ट्रक्टरच्या सहीसह नोंदवून घ्या आणि डीजीसीएची (भारताच्या विमान वाहतूक नियामकाची) चालू नियमावली स्वतः वाचून पडताळा. इथल्या शाळेला भारतातले रकाने माहीत असतीलच असं नाही.